वजन पुढे : डेन्व्हर ते जॅक्सन, स्कीचे दहा दिवस

सहा हंगाम मी ‘ब्लू’वरच होते. अमेरिकेतल्या स्कीच्या डोंगरांवर प्रत्येक उताराच्या तोंडाशी एक पाटी असते. हिरवं वर्तुळ असेल तर उतार सोपा, निळा चौकोन असेल तर मध्यम, आणि पत्त्यांतली चौकट काळ्या रंगात काढावी तशी खूण असेल तर अवघड. अशा दोन चौकटी शेजारी शेजारी दिसल्या की तिथे फक्त मुरलेल्यांनी जायचं. डेन्व्हरला राहायला आल्यावर, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मी स्की शिकले. दोन हंगामांत हिरव्यावरून निळ्यावर आले आणि तिथेच राहिले. निळा उतार मी न पडता उतरत असे. पण संध्याकाळी मांड्या अशा भरून यायच्या की घराच्या तळघरात उतरताना कठडा धरावा लागे. स्की म्हणजे मांड्यांचंच काम, असं मी धरून चालले होते.

मार्च २०२३ मध्ये माझ्या भाच्याला स्प्रिंग ब्रेकची सुट्टी लागली. तो बोल्डरला शिकतो आणि स्नोबोर्ड करतो, म्हणजे दोन स्कीऐवजी एकाच रुंद फळीवरून उतरतो. “मावशी, तुझ्या पासवर एवढे डोंगर आहेत आणि तू दर शनिवारी त्याच एका डोंगरावर जातेस,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं. आमच्या दोघांकडेही आयकॉन पास होता. हा पास आदल्या वसंतातच घेऊन ठेवला तर पश्चिमेकडच्या बऱ्याच डोंगरांवर हंगामभर चालतो. तो नसेल तर मोठ्या ठिकाणी खिडकीवर एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या पुढे जातं. आम्ही नकाशा उघडला. डेन्व्हरहून निघालेला यूएस ४० हा जुना महामार्ग विंटर पार्कच्या दारावरून जातो, स्टीमबोटच्या गावातून जातो आणि युटात पार्क सिटीजवळ पोचतो. तिथून अल्टा जवळ. अल्टाहून उत्तरेला वायोमिंगमधलं जॅक्सन. शुक्रवारी पहाटे निघायचं आणि पुढच्या रविवारी रात्री परत यायचं ठरलं.

गाडीची तयारी मी मनापासून केली, कारण या प्रवासात स्कीपेक्षा रस्ता जास्त धोक्याचा असतो. कोलोरॅडोत आय-७० या महामार्गाच्या डोंगरी पट्ट्यात सप्टेंबर ते मे हा नियमच आहे की टायरच्या खाचा किमान ३/१६ इंच खोल हव्यात आणि टायर बर्फाला चालणारे हवेत, नाहीतर चेन जवळ हवी. टायरच्या अंगावर तीन शिखरं आणि त्यांत हिमकण अशी खूण असेल तर तो खरा हिवाळी टायर. मागच्या सीटवर फावडं, दोन रजया, विजेरी, पाणी. डब्यात शेंगदाण्याच्या कुटाचे गुळातले लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मेतकूट. छोटा राइस कुकर भाच्याने घेतला. स्कीच्या गावांत दोन माणसांचं जेवण किती महाग पडतं हे माहीत असल्यामुळे रात्रीचा भात खोलीवरच, हे आधीच ठरलं होतं.

पहिला दिवस विंटर पार्कचा. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच आहे, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढं. तिथून बर्थुड पासचा घाट ११,३०७ फुटांवर नेतो आणि पलीकडे उतरला की विंटर पार्क. या डोंगरावरचं स्की केंद्र डेन्व्हर शहराच्या नगरपालिकेने १९४० मध्ये उभं केलं. त्याच्या पायथ्याशीच मॉफट बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड आहे. १९२८ मध्ये सुरू झालेला हा रेल्वेचा बोगदा ६.२ मैल लांबीचा असून तो खंडाच्या जलविभाजकाखालून जातो. हिवाळ्यात ठरावीक दिवशी डेन्व्हरच्या स्टेशनवर स्की घेऊन गाडीत बसायचं आणि तारेला टांगलेल्या खुर्च्यांतून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टजवळ उतरायचं अशी सोय आहे. घाटातली रांग टाळायला मी पुढच्या वेळी तेच करणार.

सकाळी आम्ही क्रॅनमर नावाच्या निळ्या उतारावर तीन फेऱ्या मारल्या. रात्री यंत्राने दाबून, रेघा पाडून ठेवलेलं बर्फ होतं आणि मला वाटलं, जमतंय. मग भाचा मला मेरी जेनच्या बाजूला घेऊन गेला. विंटर पार्कचा हा भाग १९७५ मध्ये सुरू झाला आणि तो मोगलांसाठी ओळखला जातो. मोगल म्हणजे उंटाच्या वशिंडासारखे बर्फाचे उंचवटे. कोणी ते मुद्दाम घडवत नाही. यंत्र न फिरवलेल्या उतारावर शेकडो माणसं वळतात, वळताना बर्फ बाजूला सारतात, पुढचा माणूस त्याच खाचेत वळतो, आणि दोन दिवसांत सगळा उतार वशिंडांनी भरतो. तिसऱ्या वशिंडावर माझ्या स्की माझ्यापुढे निघून गेल्या आणि मी मागे बसले. उठले, परत तेच. सात-आठ वेळा झालं. उतार फार तीव्र नव्हता. आडवं जायला मला येत होतं, वळायला येत होतं, तरी प्रत्येक वेळी पाय पुढे आणि मी मागे. मांड्या पेटल्या होत्या. भाचा खाली थांबून वाट बघत होता. तो काही बोलला नाही याचं मला बरं वाटलं.

लिफ्टमध्ये बसलेली असताना खालून एक बाई बसून स्की करताना दिसल्या. एकाच स्कीवर बसवलेली खुर्ची, दोन्ही हातांत टोकाला छोट्या स्की लावलेल्या काठ्या. खुर्ची कलली की वळण, पुन्हा कलली की वळण. अपंगांना स्की शिकवण्याचं काम विंटर पार्कला १९७० पासून चालतं. त्यांची वळणं मी लिफ्ट पुढे जाईपर्यंत मान वळवून बघत राहिले. शरीराचा वरचा भाग सतत उताराकडे झुकलेला होता. तेव्हा ते फक्त डोळ्यांत राहिलं, अर्थ लागला तो चार दिवसांनी.

स्टीमबोटला खोल्या परवडेनात म्हणून आम्ही चाळीसएक मैल पुढे क्रेगला राहिलो. मोटेलच्या वरच्या मजल्यावर खोली होती. सकाळी जिना उतरताना मी दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

स्टीमबोट हे गाव मला फार आवडलं. गावातच हॉवेल्सन हिल नावाची टेकडी आहे, कार्ल हॉवेल्सन या नॉर्वेजियन माणसाच्या नावाची, आणि तिथे १९१५ पासून स्की चालू आहे. शाळेतली मुलं संध्याकाळी दप्तर टाकून तिथे उड्या मारायला येतात. मोठ्या डोंगराचं नावही इथल्याच एका मुलाचं : बडी वर्नर. ऑलिंपिकमध्ये उतरलेला हा स्कीपटू १९६४ मध्ये स्वित्झर्लंडला हिमस्खलनात गेला आणि डोंगराला माउंट वर्नर हे नाव दिलं गेलं. ‘बडीज रन’ हा निळा उतार मी दोन दिवसांत सहा वेळा उतरले असेन. लांब, रुंद, एकसारखा वळत जाणारा, वरून सगळं यांपा नदीचं खोरं दिसतं.

पण स्टीमबोटचं खरं वैभव झाडांत आहे. अ‍ॅस्पेनची पांढऱ्या सालीची झाडं अंतर राखून उभी असतात आणि त्यांच्यामधून उतरायचं. भाच्याने मला आधी नियम सांगितले. एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. गळ्यात शिटी. सूचिपर्णी झाडाच्या अगदी बुंध्याशी जायचं नाही, कारण खालच्या फांद्यांमुळे तिथे बर्फ पोकळ राहतं, माणूस डोक्यावर त्यात पडला तर एकट्याला निघता येत नाही. आणि शेवटचं : “झाडाकडे बघू नकोस मावशी, मधल्या जागेकडे बघ. जिथे बघशील तिथे जाशील.” मी झाडांकडेच बघितलं. त्या दिवशी मऊ ताजं बर्फ होतं आणि मी कधीतरी ऐकलेलं होतं की मऊ बर्फात टोकं वर राहावीत म्हणून मागे रेलायचं. मी रेलले. स्की वळेचनात. शेवटी मी आडवी जाऊन एका झाडाला मिठी मारून थांबले आणि बाकीचा तुकडा घसरत, थांबत, घसरत उतरले. दोन दिवस, दोन वेगळे डोंगर, दोन वेगळ्या प्रकारचं बर्फ, आणि चूक एकच. हे कळायला मला स्टीमबोटची दुसरी संध्याकाळ उजाडावी लागली.

चौथा दिवस गाडीचा. क्रेगनंतर झाडं संपतात आणि रस्ता उघड्या माळावरून जातो. कोलोरॅडोच्या सरहद्दीवर डायनासोर नावाचं गाव आहे, त्याने १९६६ मध्ये आपलं जुनं नाव बदलून हे घेतलं, आणि तिथल्या रस्त्यांनाही डायनासोरांची नावं आहेत. व्हर्नलला जेवलो, हीबर ओलांडलं, रात्री सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचलो. तीनशेच्या आसपास मैल झाले होते. भात-मेतकूट खाऊन झोपलो.

अल्टाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

सॉल्ट लेक शहराच्या आग्नेयेला लिटल कॉटनवूड नावाची घळई आहे. हिमनदीने कोरलेली, दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती. याच घळईतला दगड काढून सॉल्ट लेकचं मोठं मॉर्मन मंदिर बांधलं गेलं. घळईच्या टोकाला अल्टा. एकोणिसाव्या शतकात इथे चांदीच्या खाणी होत्या, आणि खाणींसाठी झाडं तोडल्यावर हिमस्खलनांनी गाव पुन्हा पुन्हा गाडलं. पहिली लिफ्ट १९३९ मध्ये सुरू झाली. इतकं बर्फ का पडतं हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावायला लागत नाही. पॅसिफिकवरून येणारे ढग वाळवंट ओलांडून वॉसॅच रांगेला येऊन भिडतात, वर चढतात आणि रिकामे होतात. अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवर येऊन महाबळेश्वरला करतात तेच. फक्त इथे पडतं ते बर्फ, आणि तेही इतकं कोरडं की साधारण बारा इंच बर्फ वितळलं तर एक इंच पाणी निघतं. अल्टाला वर्षाला सरासरी पाचशे इंचांहून जास्त पडतं. आम्ही गेलो तो हंगाम संपला तेव्हा आकडा ९०३ इंचांवर गेला होता. म्हणजे जवळपास तेवीस मीटर.

अल्टात स्नोबोर्डला परवानगी नाही. अमेरिकेत असे तीनच डोंगर उरले आहेत : अल्टा, डिअर व्हॅली आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. अल्टाचा डोंगर सरकारी वनजमिनीवर आहे म्हणून काही स्नोबोर्डवाले कोर्टातही गेले होते, पण त्यांचा दावा टिकला नाही. त्यामुळे भाचा शेजारच्या स्नोबर्डला उतरला आणि मी एकटीच पुढे गेले. एकटी असल्यामुळेच मी दुपारच्या शिकवणीला नाव घातलं. सहा वर्षांत मी एकही धडा घेतला नव्हता. निळ्यावर आल्यावर शिकायचं काय राहिलं, असं वाटत होतं. आता सांगते, मधल्या पायरीवर अडकलेल्या कोणालाही पैसे खर्च करायचे असतील तर नव्या स्कीऐवजी आधी शिकवणीवर करावेत.

इथल्या स्की शाळेला आल्फ एंगन यांचं नाव आहे. नॉर्वेहून आलेले हे उडीपटू, अमेरिकेत खोल बर्फात स्की करण्याचं तंत्र घडवणाऱ्यांपैकी एक. माझे शिक्षक साठीच्या पुढचे होते. आम्ही चौघे विद्यार्थी. त्यांनी सनीसाइड लिफ्टच्या वर आम्हाला एकेक करून पाच-सहा वळणं घ्यायला लावली. मी त्यांच्याजवळ येऊन थांबले तर त्यांनी विचारलं, “संध्याकाळी काय दुखतं?” मी म्हटलं, मांड्या. ते म्हणाले, “दुखणारच. तुम्ही दिवसभर खुर्ची नसताना बसलेल्या असता.”

मग त्यांनी आम्हाला बुटांचे वरचे दोन बकल सोडायला सांगितले. स्कीचा बूट म्हणजे नडगीभोवती कडक प्लास्टिकचं कवच. बकल आवळलेले असले की मागे रेलून त्याच्या पाठीवर भार टाकता येतो, आणि मी सहा वर्षं तेच करत होते. बकल सुटल्यावर मागे टेकायला काही राहिलंच नाही. हिरव्या उतारावर, जिथे लहान मुलं शिकत होती, तिथे मी पहिल्या वळणालाच गडबडले. तिसऱ्या फेरीला शरीराला स्वतःच मधली जागा सापडली. बकल लावल्यावर त्यांनी सांगितलं, आता नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली राहू द्या, वळणाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नंतर दोन्ही काठ्या एकत्र करून समोर आडव्या धरायच्या, वाट्यांनी भरलेलं ताट पंगतीत घेऊन निघाल्यासारख्या. ताट कलंडता कामा नये आणि ते नेहमी उताराच्या खालच्या दिशेला. पाय खाली वळत राहतात, ताट वळत नाही.

कारण त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. स्कीचं टोक बर्फात दाबलं गेलं तरच ते वळण सुरू करतं. भार टाचेवर गेला की टोक हलकं होतं, स्की सरळ पळते, माणूस घाबरतो, आणखी मागे रेलतो. मोगलावर पाय पुढे का निघून गेले, मऊ बर्फात स्की का वळल्या नाहीत, मांड्या का भरतात, सगळ्याचं उत्तर एकाच जागी होतं. वजन पुढे. दरीकडे.

दरीकडे झुकायचं हे ऐकताना मला नळीची वाट आठवली. वीस-बावीस वर्षांची असताना आम्ही पुण्याहून हरिश्चंद्रगडाला जायचो, आणि अशा घळीतून, मोठ्या दगडांतून आणि घसाऱ्यावरून चालताना पुढचे जाणते सांगायचे : मागे रेलू नका, मागे रेललं की पाय पुढे सटकतो. गुडघे मोकळे, छाती दरीकडे, पाऊल दाबून. घसाऱ्यावर हे मला येत होतं. माझ्या शरीराला ते एकदा शिकवलेलं होतं. बर्फावर आल्यावर मी ते कधी वापरलंच नाही, कारण वेग आला की मला फक्त थांबायचं असायचं. लिफ्टमध्ये मी शिक्षकांना सह्याद्रीतल्या घसाऱ्याबद्दल सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं. ते म्हणाले, मग तुम्हाला नवीन काही शिकायचं नाही, इकडे आणायचं आहे. शुगरलोफ लिफ्टवरून डेव्हिल्स एल्बो नावाचा निळा उतार आम्ही शेवटी उतरलो. मी खाली पोचल्यावर धाप लागली होती, पण मांड्या शांत होत्या.

त्या रात्री बर्फ पडलं. पहाटे साडेपाचला आम्ही घळईच्या तोंडाशी गाड्यांच्या रांगेत होतो आणि रस्ता बंद होता. या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी हिमस्खलनाच्या वाटा येतात. साचलेलं बर्फ आपणहून कोसळायच्या आत स्फोट घडवून पाडतात, मग रस्ता साफ करतात, मग सोडतात. वर राहिलेल्या माणसांना तेवढा वेळ इमारतीबाहेर पाऊल टाकायला बंदी असते. अमेरिकेतला हिमस्खलनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर इथेच, अल्टाला, वनखात्याच्या माँटी अ‍ॅटवॉटर यांनी सुरू केला, आणि बर्फ पाडायला लष्करी तोफा वापरायची पद्धतही अमेरिकेत इथूनच सुरू झाली. अंधारात दूरवर दबके धमाके ऐकू येत होते. पुढच्या गाडीतला माणूस खाली उतरून सगळ्यांना कॉफी विचारत होता. मी त्याला लाडू दिला. थंडीने तो लाडू इतका कडक झाला होता की त्याने तो आधी हातमोज्यात धरून ठेवला. पावणेदहाला रस्ता सुटला.

माझ्या स्की मधोमध ७८ मिलिमीटर रुंद आहेत. त्या दाबलेल्या बर्फासाठी ठीक. त्या दिवशी मी ९८ मिलिमीटरच्या भाड्याने घेतल्या. बूट मात्र स्वतःचेच. बूट पायाला नीट बसलेला नसेल तर बाकी कशाचाच उपयोग नाही. पहिल्या फेरीला मी टोकांकडे बघत बसले आणि दोनदा पडले. मैद्याच्या डब्यात पडावं तसं, लागलं काहीच नाही, फक्त निसटलेली स्की शोधायला पंधरा मिनिटं गेली. बर्फात काठी खुपसत, वरून खाली, रेघेरेघेने. दुसऱ्या फेरीला ताट धरलं. नडगी टेकवली. आणि काही वळणं अशी आली की आवाजच बंद झाला. दाबलेल्या बर्फावर स्की सतत खरखरते, तो आवाज इतका सवयीचा असतो की थांबल्यावर कळतो. गुडघ्यापर्यंत बर्फ, पाय खाली जातात, आपणहून वर येतात, वळतात. मी मोजले नाही, पण सात-आठ वळणं असतील. थांबल्यावर मागे वळून माझी नागमोडी रेघ बघितली आणि मला रडू आलं.

सातव्या दिवशी आयडाहोमार्गे उत्तरेला. जॅक्सनमध्ये राहणं आमच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून टीटन पासच्या अलीकडे व्हिक्टर या गावात खोली घेतली. रोज ८,४३१ फुटांचा घाट ओलांडून जायचं. जॅक्सनमध्ये काम करणारी कितीतरी माणसं हाच घाट रोज चढ-उतार करतात. १० टक्के चढ आहे, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकला विसावा देत उतरावं लागतं.

टीटन डोंगरांना पायथ्याच्या टेकड्या नाहीत. सपाट खोऱ्यातून एकदम भिंत उठते. ग्रँड टीटन १३,७७५ फूट, खोऱ्याहून सुमारे ७,००० फूट वर. सकाळी खोऱ्यात धुकं आणि कडाका होता, आणि लिफ्टने धुक्याच्या वर आलो तर ऊन होतं, हवा खालच्यापेक्षा उबदार. थंड हवा खोऱ्यात तळाला बसून राहते त्यामुळे इथे असं नेहमी होतं. आठव्या दिवशी मी आप्रे व्हू डोंगरावरच राहिले. निळे उतार, पण कोलोरॅडोत मी ज्याला निळं म्हणत होते त्यापेक्षा हे ठळकपणे तीव्र. ही गोष्ट मधल्या स्कीअरने लक्षात ठेवायलाच हवी : पाटीवरचा रंग त्याच डोंगरावरच्या बाकीच्या उतारांच्या मानाने ठरवलेला असतो. एका डोंगरावरचा निळा दुसऱ्या डोंगरावर काळा असू शकतो. नव्या ठिकाणी पहिली फेरी एक पायरी खाली घ्यावी. मी तशीच घेतली, आणि दुपारपर्यंत वर्नर आणि मोरान हे दोन उतार मला ओळखीचे झाले.

जॅक्सनची लाल ट्रॅम, म्हणजे तारेवरून जाणारी मोठी पेटी, एका वेळी शंभर माणसं घेऊन ४,१३९ फूट वर जाते, १०,४५० फुटांवर. वरून उतरायला हिरवी वाट नाही, निळीही नाही. सगळ्यांत सोपी वाट म्हणजे राँदेवू बोल, आणि तो काळा आहे. जमणार नसेल तर त्याच ट्रॅमने खाली यायची मोकळीक असते. आठव्या दिवशी दुपारी आम्ही वर गेलो. तोवर ढग उतरले होते. पांढरं बर्फ, पांढरं आकाश, आणि उंच-सखल काहीच दिसेना. सावलीच नाहीशी झाली की पाय पुढे कुठे पडणार हे डोळ्यांना सांगता येत नाही. मी भाच्याला म्हटलं, “तू जा, मी ट्रॅमने येते.” तो थांबायला तयार होता, पण मी त्याला जायला लावलं. तो निर्णय बरोबर होता आणि अशा उजेडात मी आजही तोच घेईन.

शनिवारी, नवव्या दिवशी, आकाश स्वच्छ. वरच्या कॉर्बेट्स केबिनमध्ये गरम वॉफल मिळतात. ते खाल्ले आणि शेजारची कॉर्बेट्स कुलुआर बघायला कडेला गेलो. दोन कातळांमधली अरुंद घळ, आणि तिच्यात शिरायचं म्हणजे आधी दहा-वीस फूट उडी. बॅरी कॉर्बेट या गिर्यारोहकाने ती खालून बघून म्हटलं होतं की एक दिवस इथून कोणीतरी स्की करत उतरेल. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेतला हा माणूस १९६८ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात कमरेखाली लुळा झाला आणि पुढचं सगळं आयुष्य अपंगांसाठी लिहीत, मासिक चालवत जगला. ते आठवलं आणि विंटर पार्कच्या त्या बाई डोळ्यांसमोर आल्या, उताराकडे झुकलेल्या. दोन मुलांनी आमच्यासमोर उडी मारली आणि दिसेनाशी झाली. आम्ही मागे फिरलो.

राँदेवू बोल म्हणजे मोठा उघडा उतार, वाडग्याच्या आतल्या बाजूसारखा. झाड नाही, खूण नाही. वरचा पट्टा वाऱ्याने कडक झालेला होता. तिथे मी वळले नाही, स्की आडव्या धरून कडेवर घसरत वीसएक फूट खाली आले. मग बर्फ मऊ लागलं. तांब्याभर पाणी ओतलं तर ते ज्या रेषेने ओघळेल ती रेषा डोळ्यांनी शोधली. छाती तिकडे. काठी टेकली. पहिलं वळण फार मोठं झालं, दुसऱ्याला मी मागे बसायला लागले आणि नडगीने बूट शोधला. पाचव्या वळणावर मी मोठ्याने म्हणत होते, “दरीकडे, दरीकडे,” मराठीत, आणि शेजारून उतरणाऱ्या एका आजोबांनी हात वर केला. एकवीस वळणं झाली. मध्ये दोनदा थांबले. पडले नाही. भाचा खाली बोर्डवर बसून माझा व्हिडिओ काढत होता. तो मी नंतर कितीदा तरी पाहिला आहे, आणि त्यात मला सगळ्यांत आवडतात ते माझे हात : ताट धरल्यासारखे समोर.

संध्याकाळी टीटन पासवर वारा सुटला होता, रस्त्यावरून बर्फ वाहत होतं. व्हिक्टरला पोचायला दीड तास लागला. खोली वरच्या मजल्यावर. भाच्याने भात लावला आणि मेतकूट गाडीत राहिल्याचं लक्षात आलं. मी स्वेटर चढवून जिना उतरले, डिकीतून डबा काढला, फावडं नीट लावलं आणि परत वर आले. कठडा धरला नव्हता हे ताट वाढून घेताना लक्षात आलं.